उगम आणि उंबरठा : दोन मुलुखांतील प्राप्तीवरील कराचा इतिहास

एका मुलुखात राहणाऱ्या आणि दुसऱ्या मुलुखात कमावणाऱ्या माणसाच्या प्राप्तीवर कर घेण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला दोन उत्तरे फार पूर्वीपासून दिली जात आहेत. पहिल्या उत्तरानुसार, ज्या भूमीत प्राप्ती उपजली, जिथली बाजारपेठ, मजूर, रस्ते आणि न्यायालये यांच्या आधाराने नफा झाला, त्या भूमीच्या सरकारचा हक्क पहिला. या तत्त्वाला करशास्त्रात उगमाचे तत्त्व म्हणतात. दुसऱ्या उत्तरानुसार, माणूस जिथे घर करून राहतो, जिथल्या राज्याचे संरक्षण त्याला व त्याच्या कुटुंबाला लाभते, तिथल्या सरकारने त्याची जगभरातील सगळी प्राप्ती मोजावी. हे निवासाचे तत्त्व होय. दोन्ही सरकारांनी आपापले तत्त्व एकाच रुपयावर चालवले की त्या रुपयाला दोनदा कात्री लागते आणि तिलाच दुहेरी करआकारणी म्हणतात. हा विषय आज अमेरिकेत किंवा आखातात नोकरी करणाऱ्यांच्या काळजीचा म्हणून ओळखला जातो. परंतु भारतात त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि महाराष्ट्रात तर तो समुद्रापलीकडे न जाताही, सोलापुराहून तुळजापूरला किंवा बेळगावहून कोल्हापूरला जाणाऱ्या व्यापाऱ्याच्या वाट्याला आलेला आहे. या इतिहासात उगमाचा हक्क अधिक न्याय्य असूनही बराच काळ मागे पडला, आणि तो मागे पडण्यात तर्कापेक्षा सत्तेचा भाग मोठा होता, असे येथे दाखवायचे आहे.

ब्रिटनमध्ये प्राप्तिकर प्रथम १७९९ मध्ये पंतप्रधान पिटच्या काळात, फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी आला, आणि परदेशातील मालमत्तेचे उत्पन्न किनाऱ्यावर येईल तेवढेच मोजावे, अशी सवलत त्यात आरंभापासून होती. भारतात हा कर १८६० मध्ये आला. १८५७ च्या उठावाने सरकारी तिजोरीवर चढलेले कर्ज फेडण्यासाठी गव्हर्नर जनरलच्या मंडळातील पहिले अर्थसदस्य जेम्स विल्सन यांनी फेब्रुवारीत तो मांडला, २४ जुलैला त्याचा कायदा झाला आणि ऑगस्टमध्ये विल्सन कलकत्त्यात मरण पावले. वर्षाला २०० ते ५०० रुपये प्राप्तीवर दोन टक्के आणि त्यापुढे चार टक्के असा त्याचा दर होता. पुढची पंचवीस वर्षे हा कर कधी लागू झाला, कधी उठला. १८७३ मध्ये लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी तो पुन्हा उठवला आणि १८८६ च्या कायद्याने तो कायमचा परत आला. मधल्या या कररहित काळातच, १८७६ मध्ये, लंडनच्या न्यायालयात एक निवाडा झाला, ज्याची छाया पुढे जगभरच्या करकायद्यांवर पडली.

कलकत्ता ज्यूट मिल्स या कंपनीची गिरणी बंगालमध्ये, ताग बंगालचा, मजूर बंगालचे आणि रोजचा कारभार पाहणारा व्यवस्थापकही तिथलाच. कंपनीची नोंदणी मात्र इंग्लंडमधली आणि संचालक मंडळाच्या सभा लंडनमध्ये भरत. कंपनीला माणसासारखे घर नसते, मग ती ‘राहते’ कुठे, असा प्रश्न न्यायालयापुढे आला. त्याच वेळी इटलीत गंधकाच्या खाणी असलेल्या चेझेना कंपनीचेही प्रकरण होते. न्यायालयाने ठरवले की कंपनीची सूत्रे जिथून हलतात तिथे तिचा निवास; म्हणून बंगालमध्ये झालेला सगळा नफा ब्रिटिश प्राप्तिकराच्या कक्षेत आला. त्या साली भारतात प्राप्तिकर अस्तित्वातच नसल्याने तागाच्या त्या नफ्यावरील प्राप्तिकर पूर्णपणे लंडनला गेला. कायद्याच्या दृष्टीने हा निवाडा सुसंगत होता आणि पुढे १९०६ मध्ये डी बीअर्स या दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या कंपनीच्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सनेही तेच सूत्र उचलले. परंतु ज्या जगात भांडवल एका देशाचे आणि श्रम दुसऱ्या देशाचे होते, त्या जगात ‘सूत्रे जिथून हलतात ते घर’ या नियमाचा लाभ कोणाला होणार हे आधीच ठरलेले होते.

निवृत्तिवेतनाची गोष्ट याहून बोलकी आहे. भारतात नोकरी केलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांची पेन्शन भारताच्या महसुलातून, ‘होम चार्जेस’ या नावाखाली, इंग्लंडमध्ये दिली जाई. दादाभाई नौरोजी यांनी ज्या संपत्तीच्या निचऱ्यावर आयुष्यभर लिहिले, त्यातील ही एक ठळक रक्कम. भारतीय प्राप्तिकर कायद्याच्या १९३९ च्या दुरुस्तीने भारतात कमावलेला पगार कुठेही दिला तरी तो भारतातच उपजला असे मानण्याचे ठरले, पण त्याच वाक्यात ब्रिटिश इंडियाबाहेर द्यायची पेन्शन वगळण्यात आली. म्हणजे पैसा भारताच्या तिजोरीचा, सेवा भारतात झालेली, आणि तरीही उगम भारतात नाही, असे कायद्याने मानायचे. हा अपवाद स्वातंत्र्यानंतरही जुन्या सेवाशर्तींच्या हमीपोटी राहिला. १९६१ च्या आयकर अधिनियमाच्या नवव्या कलमात १५ ऑगस्ट १९४७ पूर्वी नेमलेल्या आणि कायमचे परदेशी राहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनीसाठी तो स्वतंत्र पोटकलमाने जपला गेला.

दुहेरी कराची झळ धनिकांना जाणवली ती पहिल्या महायुद्धात. ब्रिटनमधील प्राप्तिकराचा सर्वसाधारण दर पौंडाला एक शिलिंग दोन पेन्सवरून सहा शिलिंगांपर्यंत चढला, भारतात १९१७ मध्ये सुपर टॅक्स आला, आणि लंडनमध्ये राहून भारतातील चहा, ताग, रेल्वे यांत पैसे गुंतवणाऱ्यांना दोन्हीकडे भरपूर भरावे लागू लागले. १९१६ मध्ये ब्रिटनने तात्पुरती सूट दिली. १९२० मध्ये शाही आयोगाच्या शिफारशीवरून कायमची योजना झाली आणि भारताच्या १९२२ च्या कायद्यातील कलम ४९ हे तिचे इकडचे अंग होते. ब्रिटनने आपल्या दराच्या निम्म्यापर्यंत सूट द्यायची आणि उरलेली भारताने सोसायची, म्हणजे करदात्यावर ढोबळमानाने दोन दरांपैकी जो मोठा तेवढाच भार राहील, अशी ती रचना होती. भारतीय दर ब्रिटिश दराच्या निम्म्याहून वर गेला की पुढच्या सुटीचा बोजा भारतीय तिजोरीवर येई. आपल्याच भूमीत उपजलेल्या नफ्यावरील कराचा काही भाग उगमाच्या देशाने परत करावा, ही अट समान पातळीवरच्या दोन राष्ट्रांत सहजी मान्य झाली असती असे वाटत नाही.

याच सुमारास राष्ट्रसंघाने ब्रुइन्स, आइनाउदी, सेलिग्मन आणि स्टँप या चार अर्थशास्त्रज्ञांना हा प्रश्न सोडवायला सांगितले. रॉटरडॅम, तुरिन, न्यूयॉर्क आणि लंडन येथील या विद्वानांनी १९२३ च्या अहवालात ‘आर्थिक निष्ठा’ ही कल्पना मांडली, म्हणजे संपत्ती कुठे निर्माण झाली, कुठे आहे, तिचे हक्क कुठे बजावले जातात आणि ती कुठे खर्च होते, या चार कसोट्यांवर तिचे नाते कोणत्या देशाशी किती, हे ठरवावे. कल्पना अतिशय मोलाची होती. मात्र निष्कर्षात त्यांनी उगमाच्या देशाने अनिवासी माणसाला सूट द्यावी या पद्धतीकडे कल दाखवला. चौघांपैकी एकही जण कर्जदार, वसाहतीखालच्या देशातून आलेला नव्हता, ही गोष्ट अहवाल वाचताना विसरता येत नाही.

भारतात १९३९ पर्यंत निवासाला कायद्यात फारसे वजन नव्हते. १९२२ च्या मूळ कायद्यात मुख्य कसोटी उगमाची होती, आणि ब्रिटिश इंडियात राहणाऱ्याने बाहेरच्या धंद्याचा नफा इकडे आणला तरच, तोही नफा झाल्यापासून तीन वर्षांच्या आत आणला तर, त्यावर कर बसे. याला प्रेषणाचा नियम म्हणतात : पैसा सीमा ओलांडून आला की करपात्र. ही सीमा केवळ समुद्राची नव्हती. हैदराबाद, कोल्हापूर, सांगली, औंध, अक्कलकोट ही संस्थाने प्राप्तिकराच्या दृष्टीने परमुलूखच होती. सोलापूर ब्रिटिश अमलात आणि त्याला लागून असलेले तुळजापूर निजामाच्या. सोलापूरच्या आडत्याने तिकडे दुकान टाकले तर नफा आधी निजामी हाली शिक्क्याच्या रुपयांत जमा होई, आणि ढोबळमानाने सात हाली रुपयांना सहा ब्रिटिश कलदार या भावाने मोडून किंवा हुंडीने तो सोलापूरला आला की त्याची प्राप्तिकराच्या हिशेबात गणना होई. तिकडेच ठेवला, तिकडेच पुन्हा कापसात घातला, तर नाही. तीन वर्षे उलटू देऊन मग पैसा आणण्याची वाट कायद्यानेच मोकळी ठेवलेली होती, आणि ती वाट पेढ्यांच्या मुनिमांना ठाऊक नव्हती असे मानण्याचे कारण नाही.

प्राप्तिकराच्या एकूण व्यवस्थेची तपासणी करण्यासाठी १९३५ मध्ये एअर्स, चेंबर्स आणि वाच्छा यांची चौकशी समिती नेमली गेली. तिच्या अहवालातून १९३९ ची दुरुस्ती आली आणि भारतीय करकायद्यात माणसाचे ‘निवासी’, ‘निवासी पण सर्वसाधारणतः निवासी नसलेला’ आणि ‘अनिवासी’ असे तीन वर्ग पडले. पूर्ण निवासी असलेल्याची जगभरची प्राप्ती, इकडे आणो वा न आणो, करपात्र झाली. न आणलेल्या रकमेतून ४,५०० रुपयांपर्यंत वगळण्याची सवलत तेवढी राहिली. मधला वर्ग मुख्यतः इंग्रज अधिकारी व व्यापारी यांना सोयीचा होता, कारण आधीच्या दहांपैकी नऊ वर्षे जो निवासी नव्हता त्याला या वर्गात जागा मिळून बाहेरच्या बहुतेक प्राप्तीपासून सुटका मिळे. निवासी कोण, याच्या कसोट्या मात्र बारकाईने वाचण्यासारख्या आहेत : वर्षात १८२ दिवस मुक्काम, किंवा आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस मुक्काम आणि चालू वर्षी केवळ प्रासंगिक नसलेली भेट, किंवा राहण्याजोगे घर १८२ दिवस स्वतः राखलेले, अथवा आपल्यासाठी राखले गेलेले, आणि वर्षात एखाद्या दिवसापुरते का होईना, इथे पाऊल टाकलेले. या शेवटच्या कसोटीमुळे घराचा उंबरठाच करदात्याच्या विरुद्धचा पुरावा ठरला. झांझिबारला पेढी चालवणाऱ्या आणि गिरगावात आईसाठी, भावंडांसाठी बिऱ्हाड ठेवणाऱ्या माणसाने गणपतीला चार दिवस येऊन जावे आणि वर्षभराच्या आफ्रिकेतील कमाईसकट तो निवासी ठरावा, अशी ती तरतूद होती. एकत्र कुटुंबाच्या समाजात ‘आपल्यासाठी राखलेले घर’ नाही असा माणूस विरळा, हे या कसोटीने ध्यानात घेतले नव्हते.

एकत्र कुटुंबाचा निवास हा तर वेगळाच पेच होता. हिंदू अविभक्त कुटुंब करकायद्यात स्वतंत्र करदाता मानले जाते, आणि त्याचा कारभार व नियंत्रण संपूर्णपणे बाहेरून चालत असेल तरच ते अनिवासी, असा नियम झाला. तामिळनाडूतील चेट्टियार व्यापाऱ्यांच्या पेढ्या ब्रह्मदेश, मलाया आणि सिलोनमध्ये होत्या, घरे मात्र चेट्टिनाडच्या गावांत. सुब्बय्या चेट्टियार यांच्या प्रकरणात कुटुंबाचा कर्ता बायकामुलांसह कोलंबोत राही, पण वर्षात १०१ दिवस तो मायदेशी होता आणि गावी घर व जमीनजुमला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये ते कुटुंब निवासी ठरवले : नियंत्रणाचा थोडासाही धागा इथे नव्हता हे सिद्ध करण्याचे ओझे करदात्यावर आणि ते त्याला पेलले नाही. ज्या कसोटीने १८७६ मध्ये बंगालचा नफा लंडनचा झाला, तिच्याच भारतीय रूपाने कोलंबोचा नफा भारताचा झाला. सत्तेची जागा बदलली की तत्त्वाचा लाभार्थी बदलतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

याच काळातील मुंबईचे अहमदभाई उमरभाई प्रकरण उगमाच्या तत्त्वाचा सर्वांत सूक्ष्म विचार करते. या पेढीच्या तेलाच्या तीन गिरण्या मुंबईत आणि एक निजामाच्या राज्यातील रायचूरला होती. रायचूरच्या गिरणीत भुईमुगाचे तेल निघे, त्यातले काही तिथेच विकले जाई आणि काही मुंबईला येऊन विकले जाई. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश इंडियात जादा नफ्यावरचा कर लागू होता, आरंभी ५० टक्के आणि पुढे दोन तृतीयांश. संस्थानात उपजलेला नफा मात्र त्यातून वगळलेला होता. प्रश्न असा की रायचूरला गाळलेले तेल मुंबईला विकले तेव्हा नफा कुठे उपजला? करखात्याचे म्हणणे, विक्रीशिवाय नफा नाही, आणि विक्री मुंबईत, म्हणून नफाही मुंबईचाच. सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये हे पूर्णतः मानले नाही : शेंगदाणा घाण्यात जाऊन तेल होणे ही नफा निर्माण करणारी क्रिया आहे, तिच्या वाट्याचा नफा रायचूरचा आणि विक्रीच्या वाट्याचा मुंबईचा, असे विभाजन करावे, असा निर्णय झाला. पैसा हातात कुठे पडला याऐवजी मोल कुठे वाढले हे पाहण्याची ही दृष्टी त्या शतकातील सर्वांत न्याय्य दृष्टींपैकी एक मानावी लागेल; आज बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या नफ्याची देशोदेशी वाटणी करताना जे वाद होतात, त्यांतला गाभ्याचा प्रश्न तोच आहे.

स्वातंत्र्यानंतर जुन्या सीमा पुसल्या गेल्या आणि नव्या उमटल्या. १० डिसेंबर १९४७ रोजी, म्हणजे फाळणीला चार महिनेही झाले नसताना, भारत आणि पाकिस्तान यांनी दुहेरी कर टाळण्याचा करार केला आणि कोणत्या प्रकारच्या प्राप्तीतला किती वाटा कोणत्या देशाचा, याचे कोष्टक त्याला जोडले. घर कराचीत आणि धंदा मुंबईत, किंवा उलट, अशी हजारो माणसे एका रात्रीत दोन देशांची करदाती झाली होती. १ एप्रिल १९५० पासून हैदराबादसारख्या संस्थानांच्या मुलुखात केंद्राचा प्राप्तिकर लागू झाला आणि हाली-कलदारचा भेद कराच्या हिशेबातून गेला. गोव्यात हा कर मुक्तीनंतर, १ एप्रिल १९६३ पासून आला. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पतिपत्नीची मालमत्ता समाईक असल्याने पगाराखेरीजची प्राप्ती दोघांत निम्मी निम्मी मोजावी, असे कलम ‘५ अ’ १९९४ मध्ये घालण्यात आले आणि त्याचा अंमल थेट १९६३ पासून धरण्यात आला. राज्य गेले तरी कुटुंबाचा कायदा राहिला, आणि करकायद्याला त्याच्यापुढे तीस वर्षांनी का होईना, वळावे लागले.

करारांच्या युगाविषयी थोडक्यात सांगता येते. पहिला आंतरराष्ट्रीय करकरार १८९९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरी आणि प्रशिया यांच्यात झाला. राष्ट्रसंघाच्या १९४३ च्या मेक्सिको नमुन्याने उगमाला झुकते माप दिले, १९४६ च्या लंडन नमुन्याने ते काढून घेतले. १९६३ चा श्रीमंत देशांच्या संघटनेचा नमुना निवासाच्या बाजूचा आणि १९८० चा संयुक्त राष्ट्रांचा नमुना विकसनशील देशांसाठी उगमाला अधिक जागा देणारा. दुहेरी भार हलका करण्याच्या मुख्य पद्धती दोन : निवासाच्या देशाने ती प्राप्ती मोजूच नये, ही सूट, किंवा मोजावी पण तिकडे भरलेला कर वजा करून घ्यावा, ही वजावट, ज्यात तिकडे १५ रुपये भरले आणि इकडे ३० होत असतील तर उरलेले १५ इकडे भरायचे. भारताच्या १९६१ च्या कायद्यात करार असेल तेव्हा कलम ९० आणि नसेल तेव्हा कलम ९१ यांच्यावर हे काम सोपवले गेले. परदेशी कंपन्यांना द्यायचे स्वामित्वशुल्क आणि तांत्रिक सेवांचे शुल्क भारतातच उपजते, असे १९७६ मध्ये कायद्यात लिहून भारताने उगमाची बाजू ठामपणे घेतली, आणि ती योग्यच होती. अमेरिकेची वाट मात्र या दोन्हींहून वेगळी. मेक्सिकोत घर आणि मिळकत असलेल्या एका अमेरिकन नागरिकाच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२४ मध्ये केवळ नागरिकत्वावरून कर वैध ठरवला, आणि म्हणूनच अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन पुण्याला परतलेल्या मराठी माणसालाही तिकडचे विवरणपत्र भरावे लागते.

घराची कसोटी १९६१ च्या कायद्यात ३० दिवसांच्या मुक्कामाची जोड घेऊन काही काळ टिकली आणि १ एप्रिल १९८३ पासून ती वगळली गेली. त्यानंतर देशाच्या कायद्यात उरले ते दिवस. रत्नागिरीचा खलाशी भारतीय जहाजावर गेला किंवा एखादा तंत्रज्ञ नोकरीसाठी दुबईला गेला, तर त्या वर्षी त्याचा निवास १८२ दिवसांवर ठरतो. सुटीवर येणाऱ्या अनिवासी भारतीयांसाठी हा आकडा आधी ९०, मग १५० आणि अखेर १८२ झाला, आणि २०२० मध्ये भारतातील प्राप्ती १५ लाख रुपयांहून अधिक असणाऱ्यांसाठी १२० वर आणला गेला. उंबरठा मात्र करारांतून परत आला : दोन्ही देश एकाच माणसाला आपला निवासी म्हणू लागले, तर त्याचे कायमचे घर कुठे, घर दोन्हीकडे असेल तर त्याच्या जिव्हाळ्याच्या आणि अर्थकारणाच्या नात्यांचे केंद्र कुठे, आणि तेही ठरेना तर त्याचे नेहमीचे वास्तव्य कुठे, असे क्रमाने विचारावे, असा नियम बहुतेक करारांत आहे. माणसाच्या आयुष्याची दखल घेणारा हा नियम दिवसांच्या मोजणीहून कितीतरी अधिक समंजस आहे आणि देशी कायद्यानेही तो स्वीकारायला हवा.

दिवस मोजण्याची मर्यादा मार्च २०२० मध्ये उघडी पडली. कोविडच्या साथीत विमाने बंद झाल्याने भेटीला आलेले लोक इथेच अडकले, आणि इच्छा नसताना निवासी ठरण्याची वेळ त्यांच्यावर आली. तेव्हा त्या आर्थिक वर्षापुरते २२ मार्चपासूनचे असे दिवस मोजू नयेत, असे परिपत्रक ८ मे रोजी काढावे लागले. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या आयकर अधिनियम, २०२५ मध्ये भाषा सोपी झाली, कलमे कमी झाली; १९३९ च्या दुरुस्तीने आणलेला १८२ दिवसांचा आकडा मात्र त्यातही कायम आहे.